तिने वेळ कुठून काढला? : लेखिका वाचण्याची एक रीत

लेखिकेचे पुस्तक वाचायला घेताना शेजारी एक साधी शाळकरी वही ठेवावी आणि पुस्तकाचे नाव लिहून झाल्यावर त्याखाली तीन ओळी मोकळ्या सोडाव्यात. हे लिहायला तिने वेळ कुठून काढला, ते पहिल्या ओळीत लिहायचे. ती कुठे बसून लिहीत होती, ते दुसरीत. आणि हे लिहिणे तिला कोणापासून लपवावे लागले किंवा कोणाला विचारून करावे लागले, ते तिसरीत. या ओळी लगेच भरत नाहीत. कधी उत्तर प्रस्तावनेत सापडते, कधी शंभराव्या पानावरच्या एखाद्या अर्ध्या वाक्यात, आणि कधी पुस्तक संपले तरी एखादी ओळ कोरीच राहते. ती पुसून न टाकता तशीच ठेवावी. फोंडा तालुक्यातील आमच्या गावात आम्ही नऊ जणी गेली काही वर्षे या रीतीने वाचत आहोत, आणि ती आम्हाला सुचली दोनदा चांगलेच तोंडघशी पडल्यानंतर.

पहिल्यांदा आम्ही सुरुवात केली ती विचारांच्या पुस्तकांपासून. सिमोन द बोव्हार यांच्या १९४९ च्या 'द सेकंड सेक्स' या ग्रंथाचा करुणा गोखले यांनी मराठी अनुवाद केला आहे. तो मी घरी वाचला होता, त्याने भारावले होते, आणि स्त्रीवाद समजून घ्यायचा तर मुळापासून घ्यावा अशा मास्तरकीच्या समजुतीने मी तो थेट मंडळींपुढे ठेवला. रात्रीची भांडी आवरून, डोळे चोळत आलेल्या बायकांपुढे. तिसऱ्या बैठकीला आम्ही पाच उरलो. त्यांतली एक मला म्हणाली, "बाय, हे सगळे खरे असेल, पण ह्यात माझी चूल कुठे आहे ती दाखव." मला ती दाखवता आली नाही, आणि दोष ग्रंथाचा नव्हता. विचारांची पुस्तके नंतर घ्यावीत. आपल्याकडे बोलायला दहावीस उदाहरणे जमली, की तीच पुस्तके कोणीतरी आपलेच बोलणे नीट मांडून दिल्यासारखी वाटू लागतात.

दुसरी चूक अधिक गोड होती, म्हणून ती उशिरा कळली. आम्ही आत्मचरित्रांकडे वळलो आणि प्रत्येक पुस्तकाची आरती करू लागलो. "किती सोसले बाईने!" हे वाक्य एका संध्याकाळी सात वेळा उच्चारले गेले, कारण मी ते वहीच्या मागच्या पानावर मोजत होते. सोसण्याचे कौतुक करणे आपल्याला इतके सरावाचे झालेले आहे, की लेखिकेने रागाने लिहिलेले वाक्यही आपण डोळे पुसत वाचतो. वेळेचा प्रश्न हाती घेतल्यावर ही सवय आपोआप मोडली. वेळ काढणे हे काम आहे, त्याला युक्ती लागते, लबाडी लागते, कधी भांडण लागते; आणि ते काम पाहू लागले, की लेखिका देव्हाऱ्यातून उतरून आपल्या शेजारच्या पाटावर येऊन बसते.

आता क्रम. वाचनाची सवय सुटलेली असेल, तर आरंभ कवितेपासून करावा, आणि तोही जी कविता आपल्या कानांना आधीच ठाऊक आहे तिच्यापासून. जनाबाईंचा 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' हा अभंग आमच्या देवळांतल्या भजनांतही ऐकू येतो, पण तो वेळेच्या ओळीसमोर ठेवून वाचला की वेगळाच दिसतो. येथे कवयित्री आपल्या वेळेचा पत्ता स्वतःच सांगते: दळण आणि कांडण. ती कामातून उठून अभंग रचत नाही. दोन्ही हात गुंतलेले असताना जे मोकळे राहते, त्या तोंडाने रचते. मग तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो काय करायला येतो हे पाहावे. तो तिच्यासोबत दळायला बसतो. संतांना देवाचे दर्शन अनेक रूपांत झाले असेल, परंतु कामाचा वाटा उचलणारा देव तेराव्या-चौदाव्या शतकात एका दासीने कल्पिला, याकडे आमच्यातल्या एकीचेही लक्ष तोवर गेले नव्हते. एकजण म्हणाली, "म्हणजे देवच हवा. नवरा कोणी कल्पिला नाही." त्यावर हशा झाला आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

बहिणाबाई चौधरींकडे वळताना एक काळजी घ्यावी. त्यांची 'अरे संसार संसार' ही कविता आपण शाळेत ज्या सुरात म्हटली, तो सूर सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाताला चटके बसल्यावरच भाकर मिळते, ही ओळ लग्नाच्या आहेरापासून निरोप समारंभाच्या भाषणापर्यंत सर्वत्र मुलींना शहाणपण शिकवायला वापरली गेली, आणि ती उच्चारणाऱ्यांपैकी पुष्कळांचा तव्याशी काही संबंध नव्हता. म्हणून आम्ही तिच्यासोबत त्यांची दुसरी कविता वाचतो. तरुण वयात वैधव्य आलेल्या बहिणाबाई तिच्यात म्हणतात:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

ही चार चरणे मोठ्याने म्हणावीत, मनात नव्हे. कुंकू हे सौभाग्याचे चिन्ह, हे आपण सारेच म्हणतो; येथे ते झाकण झाले आहे. ते पुसल्यावर कपाळावर जे दिसते ते अभागीपण आहे असे गावाला वाटते, पण कवितेतली बाई पुढे ज्योतिषालाच माझ्या दारी येऊ नकोस, माझा हात पाहू नकोस, असे बजावते. माझे दैव मला कळते, असे ती म्हणते. तव्याची कविता आणि ही कविता एकाच बाईने रचलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवून पहिली पुन्हा वाचली, की तिच्यातील चटके उपदेशाचे न राहता हिशेबाचे वाटू लागतात. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या जे रचत, ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवले, आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तकरूपाने आले. वहीतली दुसरी ओळ येथे गमतीची होते, कारण ही कवयित्री लिहायला कधी बसलीच नाही.

कवितेनंतर आत्मकथने घ्यावीत, आणि ती घेताना एक साधे हत्यार वापरावे: सर्वनामे मोजावीत. व्याकरणाचा तास वाटेल, पण याने जितके हाती लागते तितके कोणत्याही समीक्षेने मला तरी दिलेले नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील पुस्तकाचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या मुलीला न्यायमूर्तींनी शिकवायला घेतले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्या शिक्षणाला केलेला विरोध तिने मोठ्या संयमाने नोंदवला आहे. नावातले 'आमच्या' म्हणजे दोघांच्या. त्या 'आमच्या'त 'माझ्या' कुठे सापडते, ते शोधत पाने उलटावीत. ते सापडते, पण बहुधा माजघरात, इतर बायकांच्या समोर. बेबी कांबळे यांच्या १९८६ मधील पुस्तकाचे नाव 'जिणं आमुचं' आहे. येथेही 'आमचे' आहे, परंतु ते जोडप्याचे नसून वाड्यातल्या साऱ्या महार समाजाचे आहे, आणि ते उच्चारताना आवाज खाली येत नाही. शांताबाई कांबळे यांनी मात्र आपल्या पुस्तकाला 'माज्या जल्माची चित्तरकथा' म्हटले. आम्ही ही तीन नावे फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती आणि त्या दिवशी पुस्तके उघडण्याची गरजच पडली नाही.

बेबी कांबळे यांच्या पुस्तकाजवळ थोडे अधिक थांबावे, कारण आमच्या तिन्ही ओळींची उत्तरे इतक्या ठसठशीतपणे क्वचितच मिळतात. फलटणला त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. पुडे बांधण्यासाठी येणारी जुनी वर्तमानपत्रे त्या वाचत, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत, आणि लिहिलेले घरातल्या माणसांच्या नजरेस पडणार नाही अशा अडगळीत ठेवत. असे सुमारे वीस वर्षे चालले. हे सारे पुस्तकात मात्र नाही. ते त्यांनी पुढे अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले, नवऱ्याच्या मारहाणीसह. पुस्तकात समाजावरच्या अन्यायाचे आणि सासुरवाशिणींच्या हालांचे वर्णन हात न राखता केलेले आहे. स्वतःच्या घरातले तेवढे गाळलेले आहे. आमच्या वहीतली तिसरी ओळ पुस्तक संपले तेव्हा कोरी होती आणि मुलाखत वाचल्यावर भरली. म्हणून सांगते, प्रस्तावना, मुलाखती, नव्या आवृत्तीची मनोगते ही फुकटची पाने समजून उलटू नयेत.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे २००३ मधील पुस्तक गोव्याच्या वाचकाला भूगोलानेही जवळचे आहे. रत्नागिरीची ती लाल माती आणि तो पाऊस आपलाच. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या-टोपल्यांसारख्या विणलेल्या वस्तू. वडील गेल्यावर त्यांची आई ती विणून घर चालवत होती, आणि आपल्या लिहिण्याची वीण तिच्या विणण्याशी जुळते, असे लेखिकेने म्हटले आहे. या पुस्तकाच्या बैठकीत आमच्यात खरे भांडण झाले. "आमच्या गोव्यात असे कधी नव्हते," असे एक ज्येष्ठ सदस्य अगदी सहज म्हणून गेल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या, फारसे न बोलणाऱ्या एकीने, देवळाजवळच्या विहिरीवर तिच्या आजीला रहाटाला हात लावू देत नसत आणि कोणीतरी येऊन कळशीत पाणी ओतेपर्यंत तिला बाजूला उभे राहावे लागे, हे दोन वाक्यांत सांगितले. विहीर आम्हा सर्वांच्या रोजच्या वाटेवरची आहे. त्यानंतर आम्ही बैठकीचा एक नियम केला, तो इतरांनीही करावा: "आता असे राहिलेले नाही" आणि "आमच्याकडे असे नव्हते" ही दोन वाक्ये पुस्तक पूर्ण वाचून होईपर्यंत कोणी उच्चारायची नाहीत. बायका सगळ्या सारख्याच सोसतात, असे म्हणायला सोपे आहे. कळशी घेऊन बाजूला उभी राहिलेली बाई आणि रहाट ओढणारी बाई यांच्या वेळेचा हिशेब एकाच ओळीत मावत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' केव्हाही वाचावे, क्रम न पाहता. त्याला कारणे देत बसणार नाही. १९३० च्या दशकात आलेले ते पुस्तक वाचताना हसू आवरत नाही आणि हसता हसता लक्षात येते, की नवऱ्याने न सांगता घर सोडून जाणे, हा प्रसंग इतक्या वेळा येऊनही बाई त्याला थट्टेच्या अंतरावर धरून ठेवते. विनोद हीही वेळ काढण्याची एक युक्ती असते.

आता ताराबाई शिंदे. त्यांच्याकडे लोक आधी वळतात आणि पहिल्या दहा पानांत थांबतात, कारण भाषा जुनी, विरामचिन्हे तुटपुंजी आणि राग सलग. 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मधले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर उठलेली झोड, हे त्याचे निमित्त. बुलढाण्यातल्या या बाईंनी उत्तर लिहिले आणि ते पुरुषांना उद्देशून लिहिले. पानोपानी 'तुम्ही' आहे. म्हणून ते एकटीने मनात वाचू नये, दोघींनी आळीपाळीने मोठ्याने वाचावे, जणू समोर कोणी बसले आहे. सर्वनामांचा नियम येथे असा काही लागू पडतो की वाचणारीचा आवाज आपोआप चढतो. आमच्याकडे वाचन चालू असताना बाहेर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला, उंडे पाव घ्यायला यजमान दाराशी आले आणि "तुम्ही"चा मारा ऐकून तसेच आल्या पावली परतले. ताराबाईंच्या बाजूने जोतीराव फुले उभे राहिले. पण पुस्तकावर झालेल्या टीकेनंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही विस्मरणात गेलेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा वाचकांपुढे आणले. मधली नव्वदहून अधिक वर्षे वहीच्या कोणत्या ओळीत लिहायची, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. तीच वेळ मुक्ता साळवेच्या निबंधाची. फुल्यांच्या शाळेतल्या या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तो लहान आहे, एका बैठकीत होतो, आणि ताराबाईंच्या आधी वाचला तर बरे.

कादंबऱ्या आणि कथांकडे यायला आम्हाला दोन वर्षे लागली, आणि तेथे आमच्या प्रश्नाने आम्हालाच पेचात टाकले. विभावरी शिरूरकर यांचा 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आला तेव्हा या नावामागे कोण आहे यावरच वादळ उठले. मालतीबाई बेडेकरांनी घेतलेले टोपणनाव हेच तिसऱ्या ओळीचे उत्तर. ते सोपे होते. पण गौरी देशपांडे यांच्या नायिका वाचू लागल्यावर, शिकलेल्या, देशोदेशी फिरलेल्या, स्वतःच्या मनाचा माग काढायला भरपूर सवड असलेल्या या बायका पाहून आमच्यातल्या एकीने विचारले, "हिच्याकडे भांडी कोण घासते?" प्रश्न खवचट होता, तरी तो वहीत लिहून घेतला. लेखिकेकडे किंवा नायिकेकडे वेळ असेल, तर तो कोणाच्या हातून सुटून तिच्याकडे आला, ही तेव्हापासून आमची चौथी ओळ झाली. म्हणून त्या नायिकांचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. एकटेपणाची आणि मोकळेपणाची किंमत इतक्या स्पष्टपणे मराठीत त्यांच्या आधी फार थोड्यांनी मांडली होती. कविता महाजन यांच्या २००५ मधील 'ब्र'मध्ये तर सरपंच झालेल्या आदिवासी बायकांच्या निमित्ताने हा प्रश्न सत्तेपर्यंत जाऊन पोचतो, आणि आपल्या पंचायतीत राखीव जागेवरून निवडून आलेल्या बाईच्या शेजारी कोण बसते, हे आठवल्याशिवाय ते पुस्तक वाचता येत नाही.

गोव्यातल्या मराठी वाचकाने एक गोष्ट आवर्जून करावी, आणि ती मी थोड्या संकोचाने लिहिते. आपण घरी कोंकणी बोलतो आणि मराठी वाचतो. मराठी की कोंकणी या भाषावादाच्या दिवसांत, म्हणजे १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे, आमच्यासारख्या मराठीच्या कैवाऱ्यांनी देवनागरी कोंकणीतली पुस्तके हातातही धरली नाहीत, आणि त्यात तोटा आमचाच झाला. मीना काकोडकार यांचा 'सपनफुलां' हा कथासंग्रह, हेमा नायक यांची 'भोगदंड' ही कादंबरी, जयंती नायक यांचा 'अथांग', या साहित्य अकादमीने गौरवलेल्या पुस्तकांना आपल्यासाठी अनुवाद लागत नाही. लिपी तीच, भाषा तर आईची. पहिली दहा पाने अडखळायला होते, कारण बोलण्यातली भाषा छापलेली पाहायची डोळ्यांना सवय नसते. ती दहा पाने मोठ्याने वाचून काढावीत. मीरा कोसंबी यांनाही या यादीत घ्यावे. मूळचे गोव्यातल्या सांखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांची ही नात; पंडिता रमाबाई आणि काशीबाई कानिटकर यांच्यावर तिने इंग्रजीत केलेले काम मोलाचे आहे. तिने आजोबांचे 'निवेदन' हे आत्मचरित्रही इंग्रजीत आणले. हे 'निवेदन' आमच्या रीतीने वाचून पाहण्यासारखे आहे, जरी ते पुरुषाचे असले तरी: ज्ञानाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडून निघालेल्या या थोर माणसाला वेळ मिळाला, तेव्हा मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाईंच्या आणि तान्ह्या मुलीच्या दिवसांचे काय झाले, हे त्या पुस्तकाच्या कडेकडेने शोधत जावे.

पुस्तके झाली, एक कायदाही वाचावा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने लग्नानंतर, दुसरा करार केलेला नसेल तर, दोघांची मालमत्ता एक होते आणि तिच्यात बायकोचा अर्धा वाटा असतो. तिच्या संमतीवाचून नवऱ्याला घरदार विकता येत नाही, आणि वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान असतात. देशात इतरत्र याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्याच संहितेने या एकत्र मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे सोपवला होता, हे वाक्य कौतुकात वाचले जात नाही. आणि भावाच्या नावे हक्क सोडून देणाऱ्या दस्तावर सही करायला गाडीतून आणलेल्या, पुढ्यातला कागद न वाचता बोट ठेवलेल्या जागी नाव लिहिणाऱ्या सुशिक्षित बहिणी मी पाहिल्या आहेत. त्यांतली एक मीच. तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होते आणि मुलांना परिच्छेद नीट वाचून उत्तरे लिहायला सांगत होते. म्हणून आमच्या बैठकीचा एक दिवस आम्ही असे दस्त वाचण्यासाठी ठेवतो. ज्याला आपली सही लागते ते आधी आपण पूर्ण वाचायचे, एवढाच त्या दिवसाचा विषय.

राहिले व्यवहाराचे. पुस्तके विकत घ्यावी लागत नाहीत. पणजीला पाट्टोवर कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचा आरंभ १८३२ मधला. तालुक्यांच्या ठिकाणीही वाचनालये आहेत. तेथे 'महिलांची पुस्तके' मागू नयेत. एका वाचनालयात मी तशी मागितली, तेव्हा मला लोणची, विणकाम आणि गर्भसंस्कार यांच्या कपाटापुढे नेऊन उभे करण्यात आले आणि विभावरी शिरूरकरांची 'बळी' ही कादंबरी मात्र दुसऱ्या खोलीत सापडली. पुस्तकाचे आणि लेखिकेचे नाव कागदावर लिहून न्यावे. गटात सातआठ जणी पुरे. जागा कोणाच्या तरी सोप्यावर असावी, पण चहा मात्र त्या घरच्या बाईने करायचा नाही. हा नियम आम्ही फार उशिरा केला, कारण जिच्या घरी बैठक तिचा अर्धा वेळ स्वयंपाकघरात जातो, हे पुस्तकांतल्या बायकांचा वेळ मोजणाऱ्या आम्हाला वर्षभर दिसले नव्हते. आता प्रत्येकजण आपला चहा घरून पिऊन येते.

आणि वाचनाची वेळ? व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड मागितले होते. गोव्यातल्या जुन्या घरांत खोल्या पुष्कळ असतात, त्यांतल्या दोनतीन तर बंदच असतात. कमी पडते ती सवड. उरलेल्या वेळात वाचू असे ठरवले तर वाचन होत नाही, कारण घरात वेळ उरत नसतो. मी दुपारी जेवणानंतरची चाळीस मिनिटे ठरवून घेतली आणि ती घरात जाहीर केली. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. संध्याकाळचे बांगडे गॅसवर ठेवून 'आणखी एवढे पान' म्हणून मी दुपारचे पुस्तक पुन्हा उघडले आणि बांगडे करपून काळे झाले. सासूबाई धुराच्या वासाने आल्या, तवा पाहिला, माझ्या हातातले पुस्तक पाहिले, आणि ओरडतील असे वाटत असताना तवा मोरीत नेऊन ठेवत म्हणाल्या, "आमच्या वेळी हे धालोंत चालायचे. तिथे काही करपत नसे."

या वाक्याने माझ्या वहीला नवे पान मिळाले. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागेवर, धालो खेळायला जमणाऱ्या बायका, समोरासमोर दोन रांगा, पुरुषांना मज्जाव, आणि पाचसात रात्री चालणारी गाणी, ज्यांत कोंकणी आणि मराठी कोणती कुठे संपते ते सांगता येत नाही: गावाने आणि देवाने मान्य केलेला, कोणाला न विचारता मिळणारा हा बायकांचा वेळ होता. तेव्हा शेवटची कृती ही, की छापलेली पुस्तके चालू असतानाच घरातल्या वयस्क बाईकडून तिची गाणी लिहून घ्यावीत. फोनवर ध्वनिमुद्रण करावे, पण लिहूनही घ्यावे, कारण लिहिताना आपण थांबतो आणि थांबलो की तिला पुढचे कडवे आठवते. तिने म्हटलेले कोंकणी रूप सुधारून मराठी करू नये, मराठी रूप कोंकणी करू नये. कोणते गाणे कोणत्या गावाच्या मांडावरचे, ते कोणाकडून शिकली, हे प्रत्येक गाण्याखाली नोंदवावे. आणि गाणारीचे नाव विचारताना माहेरचे नाव विचारावे, कारण लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नवे नाव लिहिले जाते, ते गाणी शिकलेल्या मुलीचे नसते.

मी सासूबाईंना विचारले तेव्हा लग्नाला माझी बावीस वर्षे झाली होती. त्यांनी आधी सासरचेच नाव सांगितले, मग हसून दुसरे सांगितले, आणि ते मोठ्याने उच्चारायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. ते वहीपुरतेच आहे असे त्यांनी बजावले आहे, म्हणून येथे लिहीत नाही. वहीत ते पहिल्या पानावर आहे. खाली माहेरच्या गावाचे नाव, त्याखाली तीन मोकळ्या ओळी, आणि मग पहिले गाणे.